जुना रायफल स्कोप: आधी ओळख, मग स्क्रू

जुना स्कोप, म्हणजे रायफलवरची नेमाची दुर्बीण, हातात आला की नवशिक्याचा हात आधी टरेटच्या, म्हणजे नळीवर उठून आलेल्या ॲडजस्टमेंटच्या बुंध्याच्या, टोपीकडे जातो. टोपी काढायची, आतला स्क्रू फिरवून बघायचा, फिरत नसेल तर थोडा जोर लावायचा. कितीतरी चांगले स्कोप या जोरापायी कायमचे निकामी होतात. भिंगं शाबूत, नळी सरळ, पण आत रेटिकल (नेम धरायच्या रेषा) धरणारी नाजूक चौकट वाकलेली किंवा स्क्रूचे आटे गेलेले.

यामागे एक समजूत असते. आजच्या स्कोपमध्ये नेमाची उंचीची आणि आडवी अशा दोन्ही ॲडजस्टमेंट नळीच्या आत असतात, म्हणून जुन्यातही त्या तिथेच असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात काही जुन्या स्कोपमध्ये फक्त उंचीची ॲडजस्टमेंट आत असते आणि आडवी माउंटमध्ये, म्हणजे स्कोप रायफलवर धरणाऱ्या बैठकीत. काहींमध्ये आत काहीच नसतं, सगळी हालचाल माउंटवर. काही लष्करी स्कोप तर कारखान्यातून कायमचे बसवून आलेले, वापरणाऱ्याने काही फिरवायचंच नाही असे. तुमच्या हातातला यापैकी कोणता, हे कळेपर्यंत एकही स्क्रू हलवू नका. पुढचा सगळा क्रम याच एका नियमावर उभा आहे.

टेबल मांडण्याआधी

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी तपासा. मॅगझिन बाहेर, चेंबर उघडं, शक्य असेल तर बोल्ट काढून बाजूला. काडतुसं त्या टेबलावर नकोत, शक्यतो त्या खोलीतही नकोत. शस्त्र परवाना, गोळीबाराची जागा आणि जुन्या लष्करी वस्तू बाळगण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात. तुम्ही राहता तिथले माहीत करून घ्या. आणि स्कोपमधून सूर्याकडे कधीही बघू नका, तपासणीसाठीसुद्धा नाही.

सामान थोडंच लागतं: व्हर्नियर कॅलिपर, छोटी टॉर्च, हातात धरायचं भिंग, फोटोसाठी फोन, वही-पेन, आणि खाचेत घट्ट बसणारे सपाट स्क्रूड्रायव्हर. या शेवटच्या गोष्टीत काटकसर नको. टोकाकडे निमुळता होत जाणारा साधा स्क्रूड्रायव्हर जुन्या स्क्रूची खाच हमखास कुरतडतो. बंदुकांचं काम करणारे समांतर धारेचे बिट वापरतात, तसे घ्या.

पुसण्याआधी वाचा

स्कोप स्वच्छ करण्याची घाई करू नका. धुळीखाली, नळी धरणाऱ्या रिंगांच्या खाली, टरेटच्या टोपीच्या आतल्या बाजूला, आयपीसच्या (डोळ्याकडच्या भिंगाच्या) कड्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. काही ठिकाणी ती कोरलेली नसून फक्त रंगाने भरलेली असतात, आणि जोरात पुसल्यावर जातात. टॉर्च आडवी धरून प्रकाश तिरपा टाका. सरळ प्रकाशात न दिसणारी अक्षरं सावलीने उठून दिसतात. प्रत्येक खुणेचा फोटो काढा, नळीवर रिंगांचे जुने ओरखडे कुठे आहेत त्याचाही. ते ओरखडे स्कोप पूर्वी किती पुढे-मागे बसवला होता हे सांगतात, आणि दोनपेक्षा जास्त ठिकाणी असतील तर तो एकाहून जास्त रायफलींवर फिरलेला आहे.

आता खुणा काय सांगतात ते पाहू. सगळे कारखाने इथे मावणार नाहीत. नवशिक्यासमोर जे वारंवार येतात तेवढे घेतो.

अमेरिकन शिकारी स्कोपमध्ये वीव्हर सर्वाधिक भेटतात. विल्यम वीव्हर यांनी १९३० मध्ये हा व्यवसाय सुरू केला आणि १९३३ मध्ये तो टेक्सासमधल्या एल पासोला हलवला. एल पासोचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला, त्यानंतर ते नाव दुसऱ्यांकडे गेलं. म्हणजे नळीवर ‘एल पासो, टेक्सास’ असेल तर स्कोप १९८४ च्या आधीचा, हे एका नजरेत कळतं. सुरुवातीचं ३३० हे मॉडेल पाऊण इंची बारीक नळीचं. त्याचाच ३३० सी हा प्रकार अमेरिकन लष्कराने एम ७३ बी १ या नावाने एम १९०३ ए ४ स्नायपर रायफलवर वापरला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ‘के’ मालिकेत अक्षरापुढचा आकडा हीच शक्ती, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते ते: के ४ म्हणजे ४ पट, के ६ म्हणजे ६ पट. ‘व्ही’ने सुरू होणारे स्कोप बदलत्या शक्तीचे.

लायमनचा अलास्कन अडीच पटीचा, ७/८ इंची नळीचा, अतिशय भक्कम बांधणीचा स्कोप आहे. एम १ सी गॅरँड रायफलवर बसवलेले एम ८१ आणि एम ८२ हे त्याचेच लष्करी भाऊ. पहिल्यात नेमासाठी क्रॉसहेअर, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा, दुसऱ्यात निमुळता खांब. पिट्सबर्गच्या जॉन उनर्टल यांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचे लांबलचक स्कोप लांबूनच ओळखू येतात. त्यांचा ८ पटीचा स्कोप अमेरिकन मरीन्सनी महायुद्धात स्प्रिंगफील्ड रायफलवर वापरला.

ब्रिटिश नंबर ३२ हा ३ पटीचा स्कोप मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखला गेला आणि नाव कमावलं ते नंबर ४ (टी) रायफलवर. त्याच्या नळीवर मार्क, म्हणजे आवृत्ती, लिहिलेला असतो, तो जरूर वाचा: मार्क १ मध्ये आडव्या ड्रमची (टरेटवरच्या फिरत्या चाकाची) एक क्लिक २ मिनिटांची आहे, तर मार्क ३ मध्ये १ मिनिटाची. मिनिट हे इथे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग. ज्या रायफलला तो स्कोप जुळवला होता तिच्या दस्त्याच्या मानेवर स्कोपचा क्रमांक ठोकलेला असतो. दोन्ही क्रमांक जुळत असतील तर ही जोडी कधीही फोडू नका.

सोव्हिएत पीयू साडेतीन पटीचा, आखूड आणि साधा. १९४० मध्ये तो एसव्हीटी-४० रायफलसाठी आला आणि १९४२ पासून मोसिन-नागां रायफलवर बसला. वरच्या ड्रमवर १३ पर्यंत आकडे, म्हणजे १३०० मीटर. त्याच्या आयपीसला फोकसच नाही. हे ठाऊक नसलं की माणूस आयपीस फिरवायला बघतो आणि जे फिरू नये ते फिरवून ठेवतो.

महायुद्धाच्या काळातल्या जर्मन लष्करी स्कोपवर कारखान्याच्या नावाऐवजी रोमन लिपीतल्या तीन छोट्या अक्षरांचा संकेत असतो. बीएलसी म्हणजे येना इथली कार्ल झाइस, बीएमजे म्हणजे वेट्झलारची हेन्सोल्ट, सीएडी म्हणजे व्हिएन्नाची काह्लेस, डीडीएक्स म्हणजे ब्राउनश्वाइगची फोइग्टलेंडर. नागरी शिकारी स्कोपवर मात्र कंपनीचं पूर्ण नाव आणि बहुधा गावाचंही असतं.

जपानी टाइप ९७ वर शक्ती आणि दृश्यकोन एकत्र लिहिलेले आढळतात, अडीच पट आणि १० अंश. हा वर सांगितलेल्या तिसऱ्या जातीचा: शिपायाने फिरवायचं असं त्यावर काही नाही.

खुणा नसतील तर मोजा

अक्षरं पुसली गेलेली असली तरी स्कोप बराचसा स्वतःबद्दल सांगतो. आधी नळीची जाडी कॅलिपरने मोजा, तीन ठिकाणी. १९ मिलिमीटरच्या आसपास आली तर पाऊण इंची नळी: जुने टार्गेट स्कोप, वीव्हरची सुरुवातीची मॉडेल्स, आणि .२२ कॅलिबरच्या रायफलींसाठीचे हलके स्कोप. २२.२ मिलिमीटर म्हणजे ७/८ इंच. २५.४ म्हणजे एक इंच, युद्धोत्तर अमेरिकन माल. २६ किंवा २६.५ आली तर युरोपकडे बघा. हा अर्धा-एक मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण २६.५ ची नळी एक इंची रिंगमध्ये दाबून बसवली की ती चिमटते आणि आतली हालचाल अडकते. विकत घेताना रिंग ‘साधारण बसते’ असं कुणी म्हणालं तर घेऊ नका.

शक्ती मोजायची पद्धत सोपी आहे आणि मला ती फार आवडते, कारण तिला कुठलंच माहितीपत्रक लागत नाही. स्कोप उजेड असलेल्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरा, सूर्यापासून लांब. डोळा आयपीसपासून हातभर मागे घ्या. आयपीसमध्ये एक लखलखीत गोल ठिपका दिसेल. त्याचा व्यास मोजा, मग पुढच्या भिंगाचा उघडा व्यास मोजा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागा. पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं आणि ठिपका ८ मिलिमीटरचा असेल तर शक्ती ४ पट. बदलत्या शक्तीच्या स्कोपवर हे जास्तीत जास्त शक्तीला करा, कारण कमी शक्तीला आतल्या कड्या प्रकाश अडवतात आणि उत्तर चुकतं. तो ठिपका नीट गोल न दिसता एका बाजूने कापल्यासारखा दिसला तर आतलं काहीतरी जागचं हललेलं आहे.

भिंगावरचा लेपही काळ सांगतो. टॉर्चचं प्रतिबिंब भिंगात पाहा. पांढरं स्वच्छ प्रतिबिंब म्हणजे लेप नाही. निळसर-जांभळं म्हणजे एकेरी लेप. हिरवट किंवा अनेक रंगी झाक म्हणजे बहुस्तरी लेप, जो बराच नंतरचा. लेपाची पद्धत झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये विकसित केली, आणि झाइस त्या भिंगांना ‘टी’ ही खूण लावत असे. तेव्हा युद्धकाळातला म्हणून समोर आलेल्या स्कोपमध्ये हिरवी झाक दिसली, तर तो नंतर बनवलेली नक्कल असण्याची शक्यता दाट आहे. पीयू आणि जर्मन स्कोपच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. काही वापरायला चांगल्याही आहेत, पण मूळ म्हणून पैसे देऊ नका.

रेटिकलकडेही बघा. कडेला जाड आणि मध्यभागी बारीक अशा चारही रेषा म्हणजे ल्यूपोल्डने १९६२ मध्ये आणलेला ड्युप्लेक्स किंवा त्याचा अनुकरणकर्ता. तीन जाड खांब म्हणजे जर्मन परंपरा. मात्र रेटिकल दुरुस्तीत बदलता येतं, त्यामुळे एकट्या त्यावरून निकाल देऊ नका.

ॲडजस्टमेंट कुठे आहे?

इथे वेळ द्या. नळीच्या मध्यावर किती टरेट आहेत ते मोजा.

दोन टरेट, एक वर आणि एक उजवीकडे: दोन्ही ॲडजस्टमेंट आत आहेत. पण आतही दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात रेटिकल स्वतः एका छोट्या सरकत्या चौकटीवर हलतं, म्हणून ॲडजस्टमेंट केल्यावर क्रॉसहेअर दृश्याच्या मध्यापासून बाजूला गेलेलं दिसतं. नव्या प्रकारात, जो १९५० च्या दशकापासून हळूहळू रूढ झाला, आतली प्रतिमा सरळ करणारी भिंगनळी हलते आणि क्रॉसहेअर कायम मध्यावरच दिसतं. जुन्या प्रकारात क्रॉसहेअर कोपऱ्यात दिसत असेल तर स्कोप बिघडला असं नाही. माउंट वाकडं बसलं आहे आणि आधीच्या मालकाने तो वाकडेपणा आतल्या स्क्रूने भरून काढला आहे. ही दुरुस्ती माउंटमध्येच करायची.

एकच टरेट, वरचा: बहुतेक जुने युरोपीय स्कोप असे आहेत. उंची आत, आडवी माउंटच्या मागच्या पायात. तिथे समोरासमोर दोन स्क्रू असतात. एक सैल केला की दुसरा आवळायचा, तेवढाच. दोन्ही एकदम आवळले तर पाया चिमटतो, दोन्ही सैल ठेवले तर स्कोप डुलतो. रेडफील्डच्या ज्युनिअर माउंटची मागची बाजूही याच तत्त्वावर चालते, वर दोन टरेटचा स्कोप असला तरी.

टरेट नाहीच, नळी सपाट: बॉश अँड लॉम्बचे रॉचेस्टरमध्ये बनलेले सुरुवातीचे बालव्हार, बालफॉर, बाल्टूर हे स्कोप असे. सगळी ॲडजस्टमेंट त्यांच्या खास माउंटमध्ये. माउंट हरवलं असेल तर तो स्कोप विकत घेताना दहादा विचार करा, कारण साध्या रिंगांमध्ये त्याला झिरो करता, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणता, येणार नाही.

लांब बारीक नळी आणि माउंटवर मायक्रोमीटरचे ड्रम: उनर्टल, लायमन टार्गेटस्पॉट, विंचेस्टर ए ५ ही मंडळी. इथे अख्खी नळी मागच्या माउंटमध्ये हलते. या माउंटची एक क्लिक म्हणजे अर्धा हजारांश इंच, आणि दोन पायांमधलं अंतर ७.२ इंच असेल तर त्या क्लिकमुळे १०० यार्डांवर गोळी बरोबर पाव इंच सरकते. पाय निम्म्या अंतरावर बसवले तर तीच क्लिक अर्ध्या इंचाची होते. म्हणून या स्कोपांच्या बाबतीत पायांचं अंतर मोजून वहीत लिहा. अशा कित्येक स्कोपमध्ये झटक्याबरोबर नळी माउंटमध्ये पुढे सरकते आणि दर गोळीनंतर हाताने मागे ओढून घ्यावी लागते. हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे.

आता कुठे टोपी काढा. टोपीच्या आत खाचेचा स्क्रू असेल, त्याभोवती आकडे असतील. क्लिक असेलच असं नाही. पुष्कळ जुने स्कोप नुसत्या घर्षणाने जागेवर राहतात. स्क्रू बोटाच्या जोराने फिरत नसेल तर थांबा. भेदक तेलाचा एक थेंब काडीच्या टोकाने आट्यांवर लावून दिवसभर ठेवता येतो, पण तेल आत उतरून भिंगावर पसरलं तर नवीन दुखणं सुरू. मी असा स्कोप जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच देईन.

काच चालेल की नाही

टॉर्च पुढच्या भिंगातून आत टाका आणि आयपीसमधून तिरपं बघा. धुळीचे दोन-चार कण काहीही बिघडवत नाहीत. धाग्यांसारखी पसरलेली जाळी म्हणजे बुरशी. ती लेप खाते आणि शेजारच्या भिंगांवर जाते, त्यामुळे असा स्कोप इतर चांगल्या ऑप्टिक्सच्या डब्यात ठेवू नका. कडेने आत येणारे पिवळट किंवा इंद्रधनुषी पट्टे दिसले तर दोन भिंगं चिकटवणारा कॅनडा बाल्सम सुटायला लागला आहे. पट्टा अगदी कडेला असेल तर वर्षानुवर्षं चालतो. मध्यापर्यंत आला असेल तर भिंगं वेगळी करून पुन्हा चिकटवावी लागतात, आणि ते काम स्वयंपाकघराच्या टेबलावर होत नाही.

साफसफाईत क्रम पाळा: आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रशने झटका, आणि शेवटी लेन्स टिश्यूला अगदी किंचित द्रव लावून मध्यापासून बाहेर गोल पुसा. सुरुवातीचे लेप मऊ असतात. शर्टाच्या टोकाने पुसलेल्या जुन्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे कायमचे राहतात.

नळी उघडू नका. आत नायट्रोजन भरलेला असेल तर तो गेला, नसेल तर ओल आत गेली. शिवाय सर्वात जुन्या रेटिकलसाठी कोळ्याचा धागा किंवा केसाहून बारीक तार वापरलेली असते, ती श्वासाच्या झोताने तुटू शकते.

आयपीस आणि पॅरॅलॅक्स

आयपीसमागे लॉक रिंग आहे का बघा. असेल तर ती सैल करा, स्कोप आकाशाकडे धरा, आणि क्षणभर बघून डोळा बाजूला घ्या. क्रॉसहेअर पहिल्या क्षणातच काळंभोर आणि धारदार दिसायला हवं. टक लावून बघितलं तर डोळाच जुळवून घेतो आणि फोकस चुकीचा असूनही बरोबर वाटतो. आयपीस एका वेळी पाव-अर्धा वेढा फिरवा, पुन्हा क्षणभर बघा. जमलं की लॉक रिंग आवळा.

आता पॅरॅलॅक्स. रायफल किंवा स्कोप वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवा, १०० मीटरवरच्या एखाद्या खुणेवर क्रॉसहेअर लावा, आणि कशालाही हात न लावता डोकं हळूच डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर खुणेवरून सरकत असेल तर पॅरॅलॅक्स आहे. बहुतेक शिकारी स्कोप १०० ते १५० यार्डांसाठी, आणि .२२ चे स्कोप त्याहून जवळच्या अंतरासाठी कारखान्यात जुळवलेले असतात. थोडा फरक असेल तर तसाच राहू द्या आणि डोळा मध्यावर ठेवायची सवय लावा. जास्त असेल आणि पुढच्या टोकाला फिरती कडी असेल, वीव्हरच्या के मालिकेत असते तशी, तर आधी पेन्सिलने जुन्या जागेची खूण करा आणि मगच फिरवा. टार्गेट स्कोपच्या पुढच्या भागावर तर अंतराचे आकडेच कोरलेले असतात.

गोळी न झाडता चाचणी

नव्या माणसाला मी या पायरीचा आग्रह धरतो, कारण काडतुसं वाया न घालवता स्कोपचं खरंखोटं कळतं. स्कोप कापड गुंडाळून व्हाइसमध्ये हलके धरा, किंवा रायफलसकट स्थिर टेकवा. बरोबर २५ मीटरवर कागद लावा आणि त्यावर उभी-आडवी सेंटीमीटरची पट्टी काढा. २५ मीटरवर एक मिनिट म्हणजे ७.३ मिलिमीटर.

क्रॉसहेअर पट्टीच्या शून्यावर आणा. टरेट वीस खुणा फिरवा आणि क्रॉसहेअर किती सरकलं ते वाचा. १४.५ सेंटीमीटर सरकलं तर एक खूण एक मिनिटाची, ७.३ सेंटीमीटर सरकलं तर अर्ध्या मिनिटाची, ३.६ सरकलं तर पावाची. जुन्या टरेटवर काय लिहिलं आहे यापेक्षा हे मोजमाप खरं. मग तितक्याच खुणा उलट फिरवा: क्रॉसहेअर शून्यावर परतलं का? नंतर चौकोन करा: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, प्रत्येकी तितकंच. चौकोन तिरका आला तर रेटिकल किंवा तुमचा स्कोप थोडा फिरलेला आहे. परतताना दोन-तीन खुणांचा फरक पडत असेल तर आतली स्प्रिंग थकलेली आहे. यावर जुना उपाय आहे: हव्या खुणेच्या थोडं पुढे जाऊन मागे या, नेहमी एकाच दिशेने शेवट करा, आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टरेटवर हलकेच टिचकी मारा, म्हणजे अडकलेली चौकट जागेवर बसते.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकूण किती वेढे आहेत तेही मोजा, पण टोकाला अडथळा लागला की तिथेच थांबा. निम्म्यावर आणून ठेवा. बसवण्याची सुरुवात इथून करायची.

बसवणं

रिंगांचे खालचे अर्धे भाग आवळून घ्या, स्कोप त्यात ठेवा, वरचे भाग सैल बसवा. नेहमीच्या पवित्र्यात रायफल खांद्याला लावा, डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. दृश्य पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे सरकवा. जोरदार झटक्याच्या रायफलवर डोळ्यापासूनचं अंतर आठ सेंटीमीटरहून कमी ठेवू नका. क्रॉसहेअर सरळ उभं आहे ना हे लांबच्या ओळंब्याच्या दोरीवर जुळवा.

स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. जुन्या नळ्या पातळ असतात. टॉर्क पाना असेल तर दीड ते पावणेदोन न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. आवळून झाल्यावर टरेट पुन्हा फिरवून बघा: आधी मोकळा फिरणारा टरेट आता जड लागत असेल तर रिंग नळीला चिमटते आहे.

जुना स्कोप स्प्रिंगच्या एअर रायफलवर लावू नका. तिचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. बहुतेक जुन्या स्कोपची भिंगं फक्त मागच्या झटक्यासाठी बांधलेली असतात आणि अशा रायफलवर ती सुटतात.

झिरो

बोल्ट काढता येत असेल तर रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, रायफलच्या नळीतून (बॅरलमधून) मागून बघा आणि २५ मीटरवरचं लक्ष्य बॅरलच्या बरोबर मध्यावर आणा. रायफल न हलवता क्रॉसहेअर त्याच लक्ष्यावर आणा. इथे माउंटची ॲडजस्टमेंट आधी वापरा, आतले स्क्रू शेवटी. जितकं काम माउंटमध्ये भागेल तितकं क्रॉसहेअर मध्यावर राहील. पुढे जाण्याआधी बॅरल रिकामं आणि मोकळं आहे हे पुन्हा बघा.

२५ मीटरवर तीन गोळ्या. कोणत्या दिशेने फिरवायचं हा गोंधळ जुन्या स्कोपवर नेहमीचा, कारण बाणांचा अर्थ कारखान्यागणिक बदलतो. जर्मन टरेटवर ‘एच’ म्हणजे वर, ‘टी’ म्हणजे खाली, आणि ते गोळीच्या जागेबद्दल असतं. बाणावर विश्वास नसेल तर एक पद्धत कधीच फसवत नाही: रायफल पिशव्यांवर घट्ट ठेवून क्रॉसहेअर जिथे नेम धरला होता तिथे लावा, मदतनीसाला रायफल अजिबात हलू न देता धरायला सांगा, आणि टरेट फिरवून क्रॉसहेअर गोळ्यांच्या छिद्रांच्या मध्यावर न्या. हे करताना चेंबर रिकामं आणि बोल्ट उघडा. पूर्ण शक्तीच्या शिकारी काडतुसासाठी २५ मीटरवर गोळी नेमाच्या सुमारे दीड सेंटीमीटर खाली पडली की १०० मीटरवर ती कागदावर सापडते.

१०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंटीमीटर. समजा तीन गोळ्यांचा मध्य १२ सेंटीमीटर खाली आणि ६ सेंटीमीटर उजवीकडे आला. उंचीत साधारण चार मिनिटं वर, आडवं दोन मिनिटं डावीकडे. तुमची खूण अर्ध्या मिनिटाची असेल तर आठ आणि चार खुणा. फिरवा, टिचकी मारा, आणि नंतरची पहिली गोळी हिशोबात धरू नका. झटक्याने चौकट स्थिरावते, मग पुढच्या तीन गोळ्या खऱ्या. एका गोळीवरून कधीही दुरुस्ती करू नका. बदलत्या शक्तीच्या जुन्या स्कोपमध्ये शक्ती बदलली की नेम सरकणं नवल नाही, म्हणून ज्या शक्तीला वापरणार तिथेच झिरो करा आणि दोन्ही टोकांना किती सरकतो ते लिहून ठेवा.

झिरो झाला की आकड्यांची कडी जुळवा. लष्करी ड्रमवर ही कडी लहान स्क्रूंनी धरलेली असते. ते सैल करा, मधला दांडा न हलवता कडी फिरवून झिरो केलेल्या अंतराच्या आकड्यावर आणा, पुन्हा आवळा. ड्रमवरचे पुढचे आकडे मात्र त्या काळच्या लष्करी काडतुसाच्या मार्गावर बेतलेले आहेत. तुमचं काडतूस वेगळं असेल तर प्रत्येक अंतरावर स्वतः गोळी झाडून पाहा.

पहिल्या वीसेक गोळ्यांनंतर सगळे स्क्रू तपासा. गोळ्या विखुरत असतील तर दोष लगेच स्कोपवर ढकलू नका. त्याच रायफलवर, त्याच काडतुसाने, खात्रीचा दुसरा स्कोप लावून बघा. तरीही विखुरल्या तर माउंट, दस्ता किंवा बॅरल बघा. गोळ्यांचा गट घट्ट झाला तर जुना स्कोप दुरुस्तीला जाऊ द्या, आणि सोबत तुमची वहीतली पानं द्या: नळीची जाडी, मोजलेली शक्ती, खुणेची किंमत, परतताना किती फरक पडतो आणि कोणत्या दिशेने. दुरुस्ती करणाऱ्याला उघडण्याआधी यापेक्षा जास्त काही लागत नाही.